आधी प्रश्न, मग यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठात शिकवणाऱ्याला शिकवायला कोण शिकवतं? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. संशोधन केलं, पीएच.डी. पदरात पडली, की माणूस थेट भरलेल्या वर्गासमोर उभा. मग तो आठवून आठवून आपल्या सरांसारखं शिकवू लागतो, सरांच्या खोडींसकट. अशांना हात द्यायला काही विद्यापीठांनी अध्यापन केंद्रं काढली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं केंद्र तर 1962 सालचं. तिथे येणारा प्राध्यापक बहुधा विचारतो, ‘कुठलं ॲप वापरू?’ चांगलं केंद्र त्यालाच उलट विचारतं, ‘सत्र संपल्यावर तुमच्या विद्यार्थ्याला काय करता यायला हवं?’ आज मला एवढंच सांगायचंय. आधी प्रश्न, मग यंत्र.

यावरची एक गोष्ट मला सांगायला भारी आवडते. घरच्यांची ती पाठ झाली आहे, त्यामुळे आता तुमच्यावर पाळी.

एरिक माझूर हे हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 1984 पासून तिथे शिकवत होते. व्याख्यानं झकास, मुलं खूश, अभिप्राय उत्तम. परीक्षेतली अवघड गणितंही मुलं सोडवायची. असं असताना 1990 च्या सुमारास त्यांच्या वाचनात काही लेख आले. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी एक चाचणी घेऊन दाखवलं होतं, की मुलं न्यूटनचे नियम घोकतात, गणितं सोडवतात, आणि वस्तू कशा हलतात याची त्यांची जुनी समजूत मात्र तशीच राहते. माझूरना वाटलं, असेल दुसरीकडे. आपल्या मुलांचं असं नाही. खात्री करून घ्यायला त्यांनी तीच चाचणी आपल्या वर्गात घेतली.

प्रश्न अगदी साधे. एक जड ट्रक आणि एक हलकी मोटार समोरासमोर धडकतात, तर कोणावर जास्त बल लागतं? गणित नाही, सूत्र नाही. उत्तर असं, की दोन्हींवर सारखंच. तिसरा नियम. आणि त्या वर्गातली एक विद्यार्थिनी विचारते, की सर, याची उत्तरं कशी लिहू? तुम्ही शिकवलंत तशी, की मला वाटतं तशी?

ऐकलंत ना? तुम्ही शिकवलंत तशी, की मला वाटतं तशी! सगळं सत्र ऐकून घेतलं, वहीत उतरवलं आणि मनातल्या समजुतीला धक्कासुद्धा लागला नाही. निकालही तसाच लागला.

मग माझूर फळ्यापाशी गेले आणि एक प्रश्न समजावू लागले. चेहरे कोरे. पुन्हा समजावलं, वेगळ्या वाटेनं. चेहरे आणखी कोरे. शेवटी ते म्हणाले, तुम्ही आपापसातच बोला बरं. आणि वर्गात कल्लोळ उसळला. जो तो शेजाऱ्याशी वाद घालतोय, हातवारे करतोय. दोन-तीन मिनिटांत उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं. कारण सरळ आहे. ज्याला आत्ता, या क्षणी कळलं, त्याला आपण कुठे अडकलो होतो ते ठाऊक असतं. प्राध्यापक ते केव्हाच विसरलेला असतो.

त्यातून पद्धत घडली. प्रश्न टाका, गप्प बसून विचार करू द्या, मत घ्या. मग शेजाऱ्याला पटवून द्या आणि पुन्हा मत घ्या. मतं आधी हात वर करून दिली जात, मत देण्याची यंत्रं मागाहून आली. मागाहून, हे लक्षात ठेवा. आधी प्रश्न, मग यंत्र.

जाता जाता एक. व्याख्यानगृहात बाकं जमिनीला ठोकून बसवतात, ते कोणाच्या डोक्यातून निघालं? मागच्याशी बोलायचं तर मान मोडते. असलं सभागृह बांधणाऱ्याला त्याच बाकावर दोन तास बसवावं. असो.

अभ्यासक्रमाची फेरमांडणी म्हणजे शेवटाकडून सुरुवात. आधी काय यायला हवं ते ठरवा, मग ते आलं हे कशावरून ओळखणार ते ठरवा, आणि शिकवायचं काय ते सगळ्यात शेवटी. तंत्रज्ञान इथे कामाला येतं. समजा, आदल्या रात्री ऑनलाइन एक प्रश्न दिला : पाणी उकळताना बुडबुड्यांत काय असतं? कोणी लिहितं हवा, कोणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन. खरं उत्तर पाण्याची वाफ. सकाळी वर्गात जाण्याआधीच शिक्षिकेला दिसतं, की निम्मा वर्ग हायड्रोजनपाशी अडलाय, आणि तास तिथूनच सुरू होतो. तासभर स्लाइड वाचून दाखवायला मात्र शिक्षक कशाला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही. वाचता तर मुलांनाही येतं.

हे सगळं करायला शिक्षकाला वेळ लागतो. एका दिवसाची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यानं भागत नाही. त्याचा एखादा वर्ग कमी करा, मागच्या बाकावर बसून बघणारा जाणकार सोबती द्या, व्हिडिओची तांत्रिक कटकट दुसऱ्याकडे सोपवा. फायदा नक्की होतो. 2014 साली 225 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरातले सुमारे 34 नापास होत होते, आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे 22.

एक गोष्ट विभागप्रमुखांसाठी. हार्वर्डमध्येच झालेला, 2019 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. स्वतः डोकं चालवलेल्या मुलांना वाटलं, की आपण कमी शिकलो, आणि चाचणीत मात्र तीच पुढे निघाली. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, झगडताना तसं वाटत नाही. तेव्हा नव्यानं मांडलेल्या विषयाचं पहिलं सत्र संपलं, की अभिप्रायाचे कागद वाचून त्या शिक्षकाला बोलावून घेऊ नका. आधी उत्तरपत्रिका काढून बघा.

नमस्कार.