लवेची दिशा : पानगळीच्या फॅशनमधलं जॅकेट घरच्या मशीनवर

[दृश्य: खिडकीत शेजारी शेजारी टांगलेले कॉर्डरॉयचे दोन तुकडे. एक उजळ, एक गडद.]

हे दोन्ही तुकडे एकाच ताग्यातले आहेत. रंग एक, वीण एक. उजवीकडचा फक्त उलटा टांगला आहे.

कॉर्डरॉय विणताना काही आडवे धागे मुद्दाम मोकळे, तरंगते ठेवतात. मग ते मधोमध कापून ब्रशने उभे करतात. अंगावर दिसणाऱ्या या फुगीर रेघा अशा तयार होतात. या रेघांवर लव असते आणि ती एका बाजूला झुकलेली असते. लव खाली झुकली की उजेड तिच्यावरून घसरतो, रंग फिकट आणि जरा चकचकीत दिसतो. ती वर झुकली की नजर लवेच्या आत उतरते, रंग गडद होतो. जॅकेटची एक बाजू अशी आणि दुसरी तशी कापली गेली, तर शिलाई कितीही सुबक असली तरी जॅकेट दोन रंगांचं दिसतं. घरी शिवलेली कितीतरी जॅकेटं याच एका चुकीमुळे खुंटीवरच राहतात.

[दृश्य: भिंतीवर टाचणीने लावलेले वीस फोटो. एक हात त्यातले काही काढून टाकतो.]

न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसमधले ऑटम-विंटरचे, म्हणजे पानगळ आणि हिवाळ्याच्या कपड्यांचे, मुख्य फॅशन शो दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. तिथे पानगळ सुरू व्हायला तेव्हा सहा महिने बाकी असतात. घरी शिवणाऱ्याला याहून सोयीचं वेळापत्रक मिळणार नाही. फोटो जमवायला, कापड शोधायला, एक नमुना शिवून बघायला आणि तो बिघडला तर पुन्हा शिवायलाही वेळ मिळतो.

या शोमधले फोटो वीसेक घ्यावेत आणि डोळे किलकिले करून बघावेत. बारीकसारीक गोष्टी पुसट होतात, मग काय पुन्हा पुन्हा येतंय ते दिसतं. कुठे रंग, कुठे कापडाचा पोत, कुठे बाह्यरेषा, म्हणजे उतरता खांदा किंवा रुंद बाही. कुठे एखादा छोटासा भाग, मोठी कॉलर किंवा झाकणाचा खिसा.

यातली एकच गोष्ट उचलायची.

बाकी सगळं आपल्या अंगाला आधीच नीट बसणाऱ्या कपड्यावरून घ्यायचं. रंगही नवा, आकारही नवा, कॉलरही नवी असं केलं, की बिघाड नेमका कुठे झाला ते सापडत नाही. आणि पुढच्या वर्षी तो कपडा ‘गेल्या वर्षीचा’ दिसतो. एकच गोष्ट नवी असलेला कपडा वर्षानुवर्षं चालतो.

[दृश्य: रंगांच्या चिंध्या. विटकरी, ऑलिव्ह, मोहरी, मरून, तपकिरी.]

रंगाचंच बघा. रंगांची मानकं ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने 2015 साठी ‘मार्साला’ हा मातकट मरून रंग वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला होता. 2025 साठी ‘मोका मूस’ हा तपकिरी निवडला. मधे दहा वर्षं गेली आणि दोन्ही रंग एकाच घराण्यातले. पानगळीच्या रंगांची नावं बदलत राहतात, घराणं फारसं बदलत नाही. म्हणून या घराण्यातलं चांगलं कापड घ्यायला बिचकू नये. फक्त ते चेहऱ्याजवळ धरून, खिडकीच्या उजेडात बघावं. ट्यूबलाइटखाली विटकरी आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. रंग आवडला पण चेहऱ्याला मानवत नसेल, तर तो अस्तराला वापरावा.

[दृश्य: जुना, पिवळा पडलेला पातळ कागदी पॅटर्न. त्यावर मापांच्या खुणा.]

मोसमाची फॅशन घरी उतरवण्याची ही रीत जुनी आहे. आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचं पेटंट 1851 मध्ये मिळालं. एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले ते 1863 मध्ये. बारा वर्षांत मशीन आणि आराखडा दोन्ही घरात आले.

[दृश्य: टेबलावर नेहमीच्या शर्टाचा पॅटर्न. पेन्सिल, पट्टी, टेप.]

इथे उचललेली गोष्ट आहे पोत, म्हणजे कॉर्डरॉय. आकार आहे अंगाला बसणाऱ्या साध्या शर्टाचा. स्वेटरवर घालता येईल असं शर्ट-जॅकेट त्यातून काढायचं आहे.

छाती 36 इंच असेल तर शर्ट साधारण 40 इंचांचा असतो. जॅकेटला 44 हवेत. हे चार इंच पुढच्या दोन आणि पाठीच्या दोन कडांना एकेक इंच असे वाटायचे. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, एक इंच खाली घ्यायचा आणि तिथेच थांबायचं. जास्त खाली घेतला तर हात वर करताच अख्खं जॅकेट वर चढतं. सैल मुंढा म्हणजे आरामशीर मुंढा, हा समज चुकीचा आहे. बाहीच्या दोन्ही कडांना एकेक इंच वाढवून तिची वरची गोलाई मुंढ्याच्या गोलाईशी मोजून घ्यायची. टेप आडवा न ठेवता कडेवर उभा धरला की गोलाईचं माप बरोबर येतं. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा फार तर अर्धा इंच जास्त असू द्यावी. कॉर्डरॉय जाड असल्यामुळे जादा झोळ आत जिरत नाही, खांद्यावर सुरकुत्या पडतात.

[दृश्य: मांजरपाटाचा नमुना अंगावर. हात पुढे, हात वर, हाताची घडी.]

एवढ्यासाठी आधी मांजरपाटाचा नमुना शिवायचा. लांब टाका, कॉलर नको, काजं नकोत. तो स्वेटरवर चढवून हात पुढे घेऊन बघायचा. पाठ ताणली तर पाठीला अर्धा इंच वाढवायचा. ही सगळी दुरुस्ती पेन्सिलीने कागदावर उतरवली, की मगच कॉर्डरॉयला कात्री लावायची.

[दृश्य: बादलीत भिजणारं कापड. पांढरं ओलं फडकं विटकरी कापडावर घासलं जातं. फडक्यावर डाग.]

सुती कॉर्डरॉय पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. म्हणजे 28 इंच लांबीचं जॅकेट जवळजवळ दीड इंचाने आखूड व्हायची शक्यता असते. म्हणून पुढे जसं धुणार, तसंच आधी धुवून घ्यावं. विटकरी आणि मरून रंग सुटतात. ओलं पांढरं फडकं घासून डाग आला तर कापड पुन्हा वेगळं धुवायचं. डाग यायचा थांबेपर्यंत हलक्या रंगाचं अस्तर त्याला जोडू नये.

कापड किती? 56 ते 58 इंच पन्हा असेल तर अडीच मीटर. साध्या कापडात उलटसुलट मांडणी करून काही वाचवता येतं. इथे सगळे भाग एकाच दिशेला बसवायचे असल्यामुळे पाव ते अर्धा मीटर जास्त लागतं. जॅकेटसाठी इंचाला आठ ते अकरा रेघांचं कॉर्डरॉय घ्यावं. सोळाच्या पुढचं बारीक कॉर्डरॉय शर्टाला शोभतं, जॅकेटला त्यात अंग राहत नाही.

[दृश्य: तळहात कापडावरून फिरतो. खडूने मागच्या बाजूला बाण काढला जातो. एक बाण, दुसरा, तिसरा.]

हात ज्या दिशेला सुरळीत फिरतो, ती लवेची दिशा. या जॅकेटला गडद रंग हवा आहे म्हणून लव वर ठेवली आहे. प्रत्येक भागाच्या उलट बाजूला खडूने बाण काढायचा. कॉलर, कफ, खिशाचं झाकण, अगदी चार इंचांच्या तुकड्यालाही. तुकडे कापून झाले की बाण आठवत नाहीत.

कापड दुहेरी घडी घालून कापू नये. लवेवर लव आली की वरचा थर सरकतो आणि दोन्ही भाग वेगळ्या मापाचे निघतात. उलट बाजू वर करून एकेरीच बेतायचं. फक्त एक सांभाळायचं, दुसऱ्या बाजूसाठी पॅटर्न पालथा घालायचा. नाहीतर दोन डाव्या बाजू हातात येतात आणि उजवीसाठी कापड उरत नाही.

योक, म्हणजे खांद्यांवरचा तुकडा, मात्र आडवं कापलं आहे, रेघा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे. दिसायला छान दिसतं हे खरं, पण खरं कारण मजबुतीचं आहे. कापडाचा पक्का उभा धागा त्यामुळे दोन्ही खांद्यांना आडवा जातो आणि जॅकेटचं वजन तोच पेलतो. इथे लव बाजूला झुकलेली असल्यामुळे योकची छटा वेगळी दिसते. ती मुद्दाम ठेवलेली आहे, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

[दृश्य: मशीनची सुई जवळून. दोन थर दात्यांवरून सरकतात. निवेदन थांबतं, फक्त मशीनचा आवाज.]

14 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, तीन मिलिमीटरचा टाका. प्रेशर फुटाचा, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी केलेला.

आता खालच्या टोकाकडे बघा. वीस इंचांची शिलाई आणि वरचा थर अर्धा इंच पुढे गेला आहे. खालचा थर दाते ओढतात, वरचा थर फूट अडवतो आणि मधे लवेवर लव घसरते. मग शिवणारा काय करतो? पुढे आलेला भाग कापून टाकतो. तिथेच बाजूची शिलाई पिळते, आणि ती इस्त्रीने सरळ होत नाही. उसवायचं. सुईने हाताचा कच्चा दोरा घालायचा, दोन-दोन इंचांवर टाचण्या लावायच्या, पुन्हा शिवायचं. शक्य तिथे लवेच्या दिशेनेच शिवायचं, म्हणजे इथे खालून वर. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा फूट, असेल तर काम निम्म्यावर येतं.

दर दोन बॉबीननंतर बॉबीन केस काढून ब्रशने साफ करायची. कॉर्डरॉयची कुसं आत साचतात, टाके सुटायला लागतात आणि माणूस विनाकारण सुईला दोष देत बसतो.

[दृश्य: टॉवेलवर पालथं ठेवलेलं कापड. इस्त्रीतून वाफ. दुसऱ्या चौकटीत थेट इस्त्री केलेला तुकडा, त्यावर इस्त्रीचा चपटा ठसा.]

हा ठसा जात नाही. कॉर्डरॉयवर सुलट बाजूने इस्त्री टेकवायचीच नाही. खाली जाड टॉवेल किंवा त्याच कापडाचा उरलेला तुकडा, त्यावर जॅकेट पालथं, वरून वाफ आणि बोटांनी शिलाई उघडायची. फ्यूजिंगही, म्हणजे ताठपणासाठी इस्त्रीने चिकटवायचं अस्तर, कॉर्डरॉयला चिकटवू नये, चिकटवताना द्यावा लागणारा दाब लव मारतो. कॉलरची खालची बाजू आणि पुढच्या आतल्या पट्ट्या पातळ सुती कापडाच्या करून फ्यूजिंग त्यांनाच लावलं आहे. त्यामुळे जाडीही कमी होते.

[दृश्य: कॉलरचं टोक, अगदी जवळून. कात्रीचं पातं.]

कॉलरची खालची बाजू वरच्यापेक्षा सगळीकडून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लहान. म्हणजे उलटल्यावर शिलाई खाली वळते, बाहेर डोकावत नाही. टोकाशी सरळ कोन करायचा नाही, एक टाका तिरका घ्यायचा आणि मग वळायचं. जाड कापडात तिरक्या टाक्याचं टोक टोकदार दिसतं आणि काटकोनाचं टोक गोळा होतं. आतली मार्जिन पायरीपायरीने कापायची, एक थर दोन सूत, दुसरा एक सूत. दोन्ही सारखे ठेवले तर बाहेरून वळ उमटतो.

बाजूच्या शिलाईला मात्र एक इंच मार्जिन राखून ठेवली आहे, कडा ओव्हरलॉक करून. अंग बदललं तर जॅकेट उसवून सैल करता येईल. तयार कपड्यांत एवढी मार्जिन क्वचितच मिळते. मोसम संपला की टाकलेले बहुतेक कपडे कचऱ्यात जातात, आणि मिश्र धाग्यांच्या कापडाचा पुन्हा धागा करणं फार अवघड असतं.

[दृश्य: काज घालणारं मशीन. रेघांवर पातळ कागद. मग टाचणी, मग उसवणी.]

बटण वीस मिलिमीटर, जाडी चार. काज चोवीसचं. फूट रेघांमध्ये अडकतो आणि काज एका जागी गचडतं. वर पातळ कागद ठेवून शिवलं की फूट सरकतो, कागद नंतर फाडून काढायचा. आधी तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर एक काज करून बघायचं, एका बाजूचे टाके दाट पडतायत का ते. काज उघडताना शेवटाला आडवी टाचणी टोचायची, म्हणजे उसवणी टाके कापत पुढे जात नाही. बटण लावताना त्याखाली आगकाडी धरायची, टाके घ्यायचे, काडी काढून बटणाखाली दोरा गुंडाळायचा. एवढी मान नसेल तर जाड कापडावर बटण खेचलं जातं आणि पट्टी आत ओढली जाते.

खालची दुमड सव्वा इंच, एकेरी. दुहेरी घेतली तर तीन थरांची ताठ गाठ घोट्यासारखी पुढे येते. तुरपाई हाताने, सुईत पाठचा एकच धागा उचलून.

[दृश्य: हँगरवर जॅकेट. वाऱ्याने बाही हलते. निवेदन थांबतं.]

धुताना उलटं करायचं, पिळायचं नाही, ओलं असताना झटकून टांगायचं. कोपरावर लव दबली तर आतून वाफ द्यायची आणि मऊ ब्रश फिरवायचा, आधी वरून खाली, मग खालून वर.

[दृश्य: ब्रश फिरतो. दबलेला डाग गडद होत होत बाकीच्या बाहीत मिसळतो.]