राखणदाराला डुलकी लागते तेव्हा

(दृश्य: काळोख. भिंतीवर डबल टेपने चिकटवलेला जुना फोन, काचेला कोपऱ्यात तडा, खाली लोंबणारी चार्जरची वायर. स्क्रीन काळी, कोपऱ्यात फक्त एक हिरवा ठिपका.)

हा फोन ड्रॉवरमध्ये पडून होता. कॅमेऱ्यावर ओरखडे, काचेला तडा, नवीन ॲप टाकलं की गुदमरायचा, म्हणून रिटायर केलेला. आता हाच घरातले लाइट लावतो, दार उघडलं की बोंबलतो, आणि घरात कोणी नसताना काही हललं तर मला मेसेज टाकतो. म्हणजे टाकायला पाहिजे. हा सगळा व्हिडिओ त्या 'पाहिजे'बद्दलच आहे.

आधी फोनच का, ते सांगतो. अलार्मचा जो तयार डबा मिळतो तो उघडून बघा, आत एक छोटा प्रोसेसर, लाइट गेली तर चालायला बॅटरी, मेसेजसाठी सिमचं मोड्यूल आणि चार बटणं. आता आपल्या फोनकडे बघा. हे सगळं आहेच, वर टचस्क्रीन, दोन कॅमेरे, माइक, वायफाय, ब्लूटूथ, धक्का ओळखणारा ॲक्सेलरोमीटर, आणि होकायंत्रासाठी बसवलेला मॅग्नेटोमीटर, ज्याच्याजवळ लोहचुंबक नेला की आकडे उड्या मारायला लागतात. म्हणजे दाराला चुंबक आणि शेजारी फोन, झाला डोअर सेन्सर. मी करून बघितलंय, चालतं. फक्त फोन दाराला खेटून ठेवावा लागतो, आणि मग आत येणाऱ्याच्या हाताला पहिला तोच लागतो, तो भाग वेगळा.

डोकं काही माझं एकट्याचं नाही यात. २०११ च्या मे महिन्यात गूगलने आय/ओ कॉन्फरन्समध्ये 'ॲण्ड्रॉइड ॲट होम' नावाचं प्रकरण जाहीर केलं होतं, घरातले दिवे आणि उपकरणं ॲण्ड्रॉइडवरून चालवायची अशी ती आयडिया. त्याच वेळी आर्डुइनो मेगा २५६० या हौशी लोकांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बेतलेलं एक किट दाखवलं, यूएसबीने फोनला जोडा आणि मोटर, सेन्सर, काय वाटेल ते चालवा. ॲट होम पुढे विरून गेलं, किटही लोक विसरले, पण खटपट्या लोकांच्या डोक्यात किडा सोडून गेलं. मग २०१७ च्या डिसेंबरात 'हेवन' नावाचं ॲप आलं, गार्डियन प्रोजेक्ट आणि फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन यांचं, आणि त्यामागे अमेरिकेच्या पाळतीची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन. जुना फोन खोलीत लॅपटॉपवर ठेवून जायचं, कोणी लॅपटॉप हलवला, आवाज झाला, उजेड बदलला की फोन रेकॉर्ड करून तुम्हाला कळवणार. वेगळा एकही सेन्सर नाही. माझ्या मते जुन्या फोनचा इतका नेमका वापर फार कमी लोकांनी केलाय.

पण हेवन एका खोलीपुरतं. पूर्ण घर म्हटलं की फोनला हातपाय लावावे लागतात.

(दृश्य: दाराच्या चौकटीवर दोन पांढरे प्लास्टिकचे तुकडे, मध्ये बोटभर अंतर.)

हा रीड स्विच. एका तुकड्यात चुंबक, दुसऱ्यात काचेची इवलीशी नळी, आणि नळीत दोन पातळ पत्र्या. चुंबक जवळ असला की पत्र्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात, कान देऊन ऐकलं तर बारीक 'टिक' येतो. दार बंद असताना सर्किट जोडलेलं राहतं आणि उघडलं की तुटतं, आणि हे असंच ठेवायचं. कारण मग कोणी शहाणपणा करून वायरच कापली तरी फोनला दार उघडल्यासारखंच दिसतं आणि सायरन वाजतो. काही लोक उलट जोडतात, की दार उघडलं की सर्किट जुळेल. त्यांची वायर उंदराने कुरतडली तरी वर्षभर सगळं आलबेल दिसत राहणार.

हा स्विच फोनला थेट कसा जोडायचा, तर जोडायचाच नाही. यूएसबी ओटीजीने, म्हणजे चार्जिंगच्या भोकातच दुसरं उपकरण लावून, जोडता येतो, पण साधारण फोन ओटीजीवर गेला की तो समोरच्याला करंट देतो, स्वतः चार्ज होत नाही. चोवीस तास भिंतीवर राहायचं आणि चार्ज व्हायचं नाही, असं कसं चालेल? म्हणून मध्ये ईएसपी८२६६ चा छोटा बोर्ड, वायफाय असलेला. सेन्सर त्या बोर्डाला, बोर्ड वायफायवरून फोनला सांगणार. लाइट लावायचा असला की उलट, फोन बोर्डाला सांगणार आणि बोर्ड रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, ओढणार, तो 'टक्' आवाज येतो ना, तो रिलेचा. रिलेच्या पलीकडची घरातली मेन लाइन मात्र वायरमनकडूनच जोडून घ्या, तिथे यूट्यूब बघून हात घालायचा नाही, माझा व्हिडिओ बघूनही नाही.

पीआयआर म्हणजे माणूस हलल्याचं ओळखणारा सेन्सर, त्याच्याबद्दल एवढंच की तो माणूस ओळखत नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. खिडकीतून ऊन सरकत आलं, पडदा हलला, मांजर गेली, की झालं. पहिल्या आठवड्यात रात्री अडीचला सायरन वाजला, मी उठून धडपडत फोन शोधतोय आणि आतून आई, "अरे आधी ते बंद कर, चोर परवडला!" तेव्हापासून नियम बदलला, एकटा पीआयआर काही बोलला तर नुसती नोंद करायची, दार आणि पीआयआर मिनिटभरात दोन्ही बोलले तरच सायरन. नाहीतर लांडगा आला रे आला होतं आणि खरा लांडगा येतो तेव्हा सगळे कूस बदलून झोपतात.

हे सगळं फोनमध्ये जुळवायला टास्कर, मॅक्रोड्रॉइड अशी ॲप आहेत, 'असं झालं तर तसं कर' इतकं सोपं. इथपर्यंत एका रविवारचं काम.

(दृश्य: स्क्रीनवर लॉगच्या, म्हणजे फोनच्या नोंदवहीच्या, ओळी, हळूहळू वर सरकत.)

आता खरी गंमत. एकदा घरचे सगळे चार दिवस बाहेर होतो. पहिल्याच रात्री मेसेज आला, 'लाइट गेली'. फोनला चार्जर निघाल्याचं कळतं, त्यावरच हा नियम होता. मी म्हटलं वा, काय राखणदार आहे आपला. सकाळी दुसरा मेसेज, 'लाइट आली'. खूश होऊन मी चार जणांना दाखवला सुद्धा.

परत आल्यावर सहज लॉग उघडला. फोनने दर मिनिटाला 'मी जागा आहे' अशी एक ओळ लिहायची, असं लावलं होतं. लाइट गेल्यावर काही वेळ दर मिनिटाला ओळ आहे. मग एकदम पाच मिनिटांनी. मग दहा. मग तासाने एक ओळ. त्यानंतर दोन तास काहीच नाही. म्हणजे रात्रभर दार सताड उघडं राहिलं असतं तरी याला पत्ता नसता. डोळ्यांत तेल घालून बसवलेला राखणदार ढाराढूर झोपला होता, आणि झोपण्यापूर्वी मला 'लाइट गेली' असं सांगून झोपला होता!

याला डोझ म्हणतात. २०१५ साली ॲण्ड्रॉइड ६ मध्ये आलं. फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आहे, आणि हलत नाहीये, असं दिसलं की सिस्टीम समजते मालक झोपलाय, मग ॲपचं नेटवर्क बंद, टायमर पुढे ढकलायचे, अधूनमधून थोडा वेळ जाग यायची आणि दोनदा जाग येण्यातलं अंतर वाढत जायचं. खिशातल्या फोनसाठी उत्तम. पण भिंतीवरचा फोन बघा, तो तर कधीच हलत नाही, स्क्रीन बंद, राहिला फक्त चार्जर. म्हणजे चार्जर चालू आहे तोवर जागा, आणि ज्या क्षणी लाइट जाते, घर अंधारात, राऊटर बंद, नेमकी तेव्हा त्याला झोप लागणार. मी टेस्ट नेहमी चार्जर लावूनच करायचो, त्यामुळे कधी सापडलंच नाही.

झोपेतही टायमर वाजवायची एक खास सोय डेव्हलपरना दिलेली आहे, पण ती एका ॲपला ९ मिनिटांतून एकदाच. ९ मिनिटं म्हणजे चोराला चहा पिऊन जायला पुरतील.

उपाय आहे. बॅटरी ऑप्टिमायझेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्यायची, आणि ॲपमध्ये वेक लॉक, म्हणजे फोनला झोपू न देणारी सोय, आणि कायम दिसणारी नोटिफिकेशन चालू ठेवायची, ती नोटिफिकेशन डोळ्यांना कितीही खुपली तरी काढायची नाही, तिच्यामुळेच ॲप जिवंत राहतं. त्यावर काही फोन कंपन्यांचे स्वतःचे बॅटरी सेव्हर असतात, ते वेगळेच, चार्जरवर असताना सुद्धा ॲप मारतात आणि अपडेट आला की तुमची सूट गुपचूप काढून टाकतात. फोनला कंप्युटर जोडून एका कमांडने जबरदस्तीने डोझमध्ये ढकलता येतं, तसं ढकला आणि मग दार उघडून बघा. मी हे आधी करायला हवं होतं.

राऊटरचं काय, तर त्याला छोटा पॉवर बॅकअप लावला, आणि ईएसपी बोर्डालाही. नाहीतर राखणदार जागा आणि त्याचे कान बंद.

(दृश्य: फोनची मागची बाजू. झाकण एका कडेने उचललं गेलंय, फटीतून बॅटरीची चंदेरी पिशवी.)

हे दुसरं दुखणं. एक दिवस लक्षात आलं की फोन भिंतीवर सपाट बसत नाहीये, डुगडुगतोय. मला वाटलं टेप सुटली. काढला तर झाकण फुगून वर आलेलं. लिथियम बॅटरी कायम १०० टक्क्यांवर, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टवर, आणि वरून गरम ठेवली की आतून खराब होत जाते, गॅस धरते. अशी फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जला तर अजिबात लावायची नाही. गुपचूप बदलली.

मग सुचली आयडिया, चार्जर स्मार्ट प्लगवर लावायचा, बॅटरी ८० टक्के झाली की फोननेच प्लग बंद करायचा, ४० ला आली की चालू. फार हुशार वाटलं स्वतःला. त्याच दिवशी दुपारी ऑफिसात मेसेज, 'लाइट गेली'. घरी फोन केला, लाइट आहे. बऱ्याच तासांनी 'लाइट आली'. अहो, प्लग बंद झाला की चार्जर निघाला, चार्जर निघाला की फोनला वाटतं लाइट गेली! आणि नुसतं वाटत नाही, चार्जर नाही म्हणजे डोझचा दरवाजाही दिवसातून दोनदा उघडतोय. माझ्याच एका नियमाने दुसऱ्या नियमाची मान धरली होती. आता फोन आधी प्लगला विचारतो, तू आहेस का? प्लग वायफायवर उत्तर देतोय म्हणजे घरात लाइट आहे. उत्तर नाही आलं तरच मेसेज. तुमच्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग आधीच असेल तर ती वापरा आणि या भानगडीत पडू नका.

तरीपण फोन कधीतरी मरणारच. हँग होईल, बॅटरी संपेल, कोणी उचलून नेईल. तेव्हा कोण सांगणार? इथे एमक्यूटीटी नावाची गोष्ट कामाला येते. १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला, सॅटेलाइटच्या महागड्या लाइनवरून कमीत कमी डेटा जावा म्हणून बनवलेली पद्धत, आज कितीतरी स्मार्ट घरं त्यावर बोलतात. त्यात एक सोय आहे, तिचं नाव 'लास्ट विल'. चक्क मृत्युपत्र. फोन जोडला जातानाच मधल्या ब्रोकरकडे, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या सर्व्हरकडे, एक मेसेज ठेवून देतो, की मी न सांगता गप्प झालो तर हा सगळ्यांना वाचून दाखव. मग ठरलेल्या वेळात फोनचा आवाज आला नाही, वेळ ६० सेकंदांची ठेवली असेल तर ९० सेकंदांपर्यंत वाट बघून, ब्रोकर मृत्युपत्र उघडतो. एकच अट, ब्रोकर घराबाहेर पाहिजे. त्याच फोनवर ब्रोकर चालवणारे लोक मी पाहिलेत, म्हणजे स्वतःचं मृत्युपत्र स्वतःच्याच खिशात घेऊन बुडायचं.

बाकी किरकोळ. जुन्या फोनला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, त्याला, बोर्ड आणि प्लगसकट, घरातल्या बाकी उपकरणांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि बाहेरून बघायला राऊटरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटकडचं दार, उघडू नका, व्हीपीएनचा खासगी रस्ता वापरा. आणि फोन फार जुना असेल तर त्याच्या सिमचं नेटवर्कच बंद पडलंय का ते बघा, बऱ्याच देशांत ३जी गेलंय.

(दृश्य: मेन स्विचवर हात. खटका खाली. अंधार. भिंतीवर हिरवा ठिपका तसाच.)

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी मेन स्विच खाली ओढतो, दोन तास थांबतो आणि मग गुपचूप दार उघडतो. घरच्यांनी आता शिव्या घालणंही सोडलंय. गेल्या महिन्यात राऊटरची इंटरनेटची वायरही मुद्दाम काढून ठेवली, म्हटलं आज फक्त सिमवर बघू. दार उघडलं, सायरन वाजला, फोन जागा होता, लॉगमध्ये ओळ न ओळ होती, मेसेज पाठवल्याची नोंदही होती. माझ्या मोबाइलवर मात्र काहीच नाही. दहा मिनिटं वाट पाहिली, मग भिंतीवरून फोन काढून बघितलं.

सिमचं रिचार्ज संपलं होतं.