डब्यातली तारली आणि ज्वारीची भाकरी

(अमळनेर इथे वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आठवडे बाजारात सुक्या मासळीचा कोपरा कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. नाकच घेऊन जातं. बोंबील, सुकट, जवळा. इथून समुद्र गाठायचा तर तापीच्या संगतीने थेट सुरतेच्या पुढे जावं लागतं. तरी समुद्राची मासळी खानदेशच्या भाकरीसोबत पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते, वाळवलेली, महिनोन्‌महिने टिकणारी, आणि तिला कुणी शिळी म्हणत नाही. समुद्राचीच मासळी सार्डिन या नावाने पत्र्याच्या डब्यातून आली की मात्र आपण तोंड वाकडं करतो. ‘कधीचं असेल कोण जाणे, काय औषध घातलं असेल!’ माझं सांगणं एवढंच आहे, की बोंबलाला जो मान देता तोच या डब्यालाही द्या. समोर माळकरी मंडळी बसलेली दिसताहेत. त्यांनी हे रसायनशास्त्र म्हणून ऐकावं, आग्रह नाही.

सार्डिन हा एकच मासा नव्हे. हेरिंगच्या कुळातल्या लहान, चंदेरी माशांच्या वीसेक जाती या नावाने डब्यात भरल्या जातात. युरोपच्या आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची जात वेगळी, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी. आपली ती तारली. केरळात हिलाच मत्ती म्हणतात, आणि तिथल्या साध्या घरांतलं रोजचं कालवण तिच्यावरच चालतं.

आता कुणी म्हणेल, बोंबील वाळवून येतो तशी तारली का येत नाही? इथे खरी गंमत आहे. बोंबलात पाणी भरपूर आणि चरबी नाममात्र. पाणी उडालं की काम झालं. तारली तेलकट. एके काळी मलबार किनाऱ्यावर ती इतकी सापडायची, की तिचं तेल काढून उरलेला चोथा शेताला खत म्हणून घालायचे. ही माशाची चरबी हवेशी फार लवकर भांडते. उन्हात टाकली की खवट. शेंगदाण्याचं जुनं तेल कसं लागतं हे खानदेशी माणसाला सांगायला नको, आणि माशाचं त्याहून वाईट. म्हणजे जो मासा इतका पौष्टिक, नेमका तोच नुसत्या उन्हात नीट वाळवता येत नाही. त्याला हवेपासून तोडायला हवं, आणि डबा तेच करतो.

डब्याची कल्पना फ्रान्सची. निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, ती बाटली पाण्यात उकळली आणि अन्न टिकलं. फ्रेंच सरकारने 1810 साली त्याला 12,000 फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत अशी, की अन्न का टिकतं हे अपेरला ठाऊक नव्हतं. जंतूंचं कोडं लुई पाश्चरने उलगडायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. डबा उघडायचं खास हत्यारही असंच उशिरा, 1850 च्या दशकात आलं, तोवर छिन्नी-हातोडा. फ्रान्समध्येच नांत शहरात 1820 च्या दशकात तेलातल्या सार्डिनचे कारखाने सुरू झाले, आणि आजही पद्धत फारशी बदललेली नाही. मासा साफ करायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा, थोडा वाफवायचा, तेल किंवा टोमॅटोचा रस्सा घालून डबा बंद करायचा. मग कुकरच्याच तत्त्वावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात, दाबाखाली, 115 ते 121 अंशांपर्यंत तापवायचा. टिकण्यासाठी वेगळं औषध लागत नाही. उष्णता आणि बंद झाकण, बस. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि वीज आपल्या मर्जीने येते-जाते. तिथे फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं टिकणारं प्रथिन ही साधी गोष्ट नाही. फक्त डबा पत्र्याच्या शेडखाली तापत ठेवू नका.

(सभेतून एका आजींचा प्रश्न: “दादा, काटा नही लागस का?”)

नाही लागत, आजी. त्या दाबाखालच्या उष्णतेत काटा इतका मऊ होतो की चावताना कळतही नाही. आणि तो काढूही नका, कारण कॅल्शियम त्यातच आहे. तेल निथळलेल्या 100 ग्रॅम सार्डिनमध्ये कॅल्शियम साधारण 380 मिलिग्रॅम असतं. दुधाच्या मोठ्या पेल्यातही इतकं नसतं. प्रथिनं 24 ग्रॅमच्या आसपास. नेहमीचा चपटा डबा सव्वाशे ग्रॅमचा, तेल निथळून नव्वदेक ग्रॅम मासा उरतो. हिशेब त्यावरून करा. शिवाय बी-12 जीवनसत्त्व. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि इथे 100 ग्रॅममध्ये आठ-नऊ. ड जीवनसत्त्वही आहे. आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नाही, पण दिवसभर दुकानात नाहीतर कचेरीत बसणाऱ्याला त्या उन्हाचा काय उपयोग?

(सभेतून एका ताईंचा प्रश्न: “ओमेगा-3 साठी जवसाची चटणी पुरत नाही का?”)

ओमेगा-3 बद्दल, म्हणजे शरीराला लागणाऱ्या त्या चांगल्या चरबीबद्दल विचारलंत ते बरं केलंत, ताई. जवसाची चटणी आपण खातो, ती खावीच. पण जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं. शरीर त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलू शकतं. सार्डिनमध्ये ते तयारच मिळतं, 100 ग्रॅममध्ये साधारण एक ग्रॅम. आणि हा मासा लहान, अल्पायुषी, पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारा. म्हणून मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा याच्यात साठत नाही.

खायचं कसं? मला विचाराल तर शिजवूच नका, तो डब्यातच शिजलेला आहे. ज्वारीची किंवा कळण्याची गरम भाकरी घ्या. मासा ताटात काढून बोटांनी मोडा, बारीक चिरलेला कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, भरपूर लिंबू. वर डब्यातलं तेल. ते फेकू नका, माशातलं काही सत्त्व त्यात उतरलेलं असतं. शेवभाजीची तर्री पाहून खूश होणाऱ्या माणसाला तेलाचं भय कशाला! अगदीच गरम हवं असेल तर तव्यावर लसूण परता, चिमूटभर काळा मसाला, मासा घालून लगेच उतरवा. जास्त ढवळलंत तर लगदा होतो. टोमॅटोच्या रश्श्यातला डबा मला विशेष आवडत नाही. त्यात गोडसर चव असते आणि भाकरीशी ती जुळत नाही.

फुगलेला डबा मात्र उघडूही नका. चव घेऊन बघू, हा तर विचारच नको. त्यात जिवावर बेतणारं विष असू शकतं. उघडलेल्या डब्यातला उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. रक्तदाब असेल तर वेष्टनावरचं मिठाचं प्रमाण वाचा. युरिक ॲसिडचा, म्हणजे गाऊटचा त्रास असेल तर हा मासा टाळलेला बरा.

(मागच्या रांगेतून: “पण सर, आपल्या तापीतला रोहू काय वाईट?”)

अजिबात वाईट नाही. ताजा मिळाला तर आधी तोच घ्या. फक्त नदीतल्या रोहू-कटल्यात ते ओमेगा-3 समुद्राच्या तेलकट माशाइतकं नसतं. आणि हा डबा इथे स्वस्तही नाही, हे मान्य. बऱ्याचदा तो मोठ्या शहरातून नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. म्हणून रोज खा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा पुरे, तोही दोघांत एक डबा. पहिल्यांदा आणताना तेलातला आणा, वेष्टनावर कोणतं तेल आहे ते बघा, आणि घरात वासावरून कुरकुर झाली तर बोंबील भाजतानाचा वास कसा असतो, एवढं विचारा.