आधी खेडं, मग शहर

नमस्कार. ओळख करून देताना मला 'प्रवासतज्ज्ञ' म्हटलं गेलं, ते मनावर घेऊ नका. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. परदेशात तीनदा गेलोय, त्यातला एकदा मुलीच्या बाळंतपणाला. त्याला पर्यटन म्हणत नाहीत, डिंकाचे लाडू वळणं म्हणतात.

विषय आहे 'कुटुंबासह परदेश सहल: शहर आणि खेडं'. माझं म्हणणं एवढंच, की खेडं आधी घ्या आणि शहर नंतर. आपण उलटं करतो. विमानातून उतरल्या उतरल्या म्युझियमच्या रांगेत उभे, आणि शेवटी दमलो की एक दिवस 'निसर्ग'. त्या निसर्गात सगळे बसमध्ये झोपलेले असतात.

आम्ही सात जण इटलीला गेलो, मे महिन्यात. ऐंशीची आई, बहीण, भाऊजी, त्यांची दोन मुलं, ही आणि मी. रोमला उतरून रेल्वेनं क्यूसी, तिथून भाड्याच्या मोठ्या गाडीनं टस्कनीतल्या ओर्चाच्या खोऱ्यात. मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी. तिकडे याला अॅग्रीतुरिस्मो म्हणतात. त्याचा रीतसर कायदा आहे, पहिला 1985 सालचा, आताचा 2006 सालचा. मुख्य धंदा शेतीच हवा, पाहुणे जोडधंदा. आपल्याकडे कृषी पर्यटन म्हणून जलतरण तलाव आणि एक कंटाळलेला बैल दाखवतात, तसं नाही. असो, बैलावर नंतर बोलू.

आम्ही पोचलो रविवारी दुपारी तीनला. तिकीट स्वस्त पडलं म्हणून तो वार, आणि तो भाऊजींनी निवडला होता, हे इथे नोंदवून ठेवतो. गावातलं एकुलतं एक दुकान बंद. खानावळीतलं दुपारचं जेवण अडीचलाच संपलेलं, रात्रीचं साडेसातनंतर. पोरं भुकेनं कावलेली. मालक ट्रॅक्टरवरून उतरला, आमची तोंडं बघितली, आणि एक भलामोठा पाव, टोमॅटो आणि घरच्या ऑलिव्हचं तेल आणून ठेवलं. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे, बेकरीवाला मीठ विसरला."

विसरला नव्हता. टस्कनीचा पाव अळणीच असतो, पिढ्यान्‌पिढ्या. पण ऐंशी वर्षांच्या बाईला हे कोण पटवणार? तिनं पिशवीतून सोलापूरची शेंगदाण्याची चटणी काढली, त्यात ते तेल ओतलं, आणि सगळे जे तुटून पडलो! मालकानंही चाखली. घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन दारात हजर. तिसऱ्या दिवशी चटणी संपली. पुढच्या फ्लॉरेन्स शहरासाठी राखून ठेवलेला डबा त्यात गेला म्हणून भाऊजी अजून कुरकुरतात. त्यांना इटालियन येत नाही, मालकाला मराठी येत नाही, पण चटणीवरून दोघांत जी घासाघीस चालायची ती ऐकायला हवी होती.

हे सगळं घडलं कारण आम्ही तिथे पाच रात्री होतो. एका रात्रीत वाटी येत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. बैल राहू द्या. आता मुद्दे भराभर सांगतो.

खेडं आधी का? एक, झोप. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे. आईची साडेपाचची जाग म्हणजे तिथले रात्रीचे दोन. हॉटेलच्या खोलीत दोन वाजता काय करणार? शेतावर ती अंगणात चांदण्यात बसायची. दोन, खरेदी. शहर शेवटी ठेवलं की ओझं कमी दिवस वाहावं लागतं. तीन, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, डोळे तयार होतात. त्या टेकड्यांवरच्या उंच सायप्रेसच्या झाडांना आईनं 'अशोक' नाव ठेवलं होतं. पुढे फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममध्ये लिओनार्दोच्या 'अनन्सिएशन' या चित्रात मागे काळपट झाडं दिसली, तशी ती म्हणाली, "हे बघ, आपले अशोक." बाकीचं म्युझियम तिनं बाकावर बसून काढलं, पण त्या एका चित्रासमोर वीस मिनिटं उभी होती. उफिझी सोमवारी बंद असतं, लिहून घ्या.

कागदपत्रं. शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. गाडी चालवणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. चटणी चालते.

आणि गाडी शहराबाहेरच परत करा. इटलीत जुन्या शहरांच्या पेठांत परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे नंबर टिपतात. भाऊजींनी 'फक्त बॅगा उतरवतो' म्हणत फ्लॉरेन्समध्ये गाडी आत घातली. दंडाचा कागद सहा महिन्यांनी घरी आला, नेमका दिवाळीच्या फराळाच्या वेळी.

खर्चाचं सांगायचं राहिलं. चटणीच्या कृतीसाठी मात्र हिला विचारा. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मघापासून मला घड्याळ दाखवते आहे.