मोडक्या विमानाचे चार सर्व्हो

(दृश्य: पुण्याजवळचं काढणी झालेलं ज्वारीचं रान. सकाळ. धसकटांत नाक खुपसून पडलेलं, रिमोटवर उडणारं फोमचं विमान.)

"दादा, एलेव्हेटर अडकला होता."

एलेव्हेटर म्हणजे शेपटीची आडवी फळी, विमानाचं नाक वर-खाली करणारी. विमान पडलं की पहिलं वाक्य हेच. वाऱ्यावर आळ येतो, रिमोटचा हुकूम झेलणाऱ्या रिसीव्हरवर येतो, त्या हुकमाप्रमाणे फळ्या हलवणाऱ्या सर्व्होवर तर येतोच. पायलटच्या अंगठ्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.

कॉलेजच्या पोरांनी अवशेष पोत्यात भरून आणलेत. आधी बॅटरी. लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) दबली किंवा फुगली असेल तर ती सोडवून वाळूच्या बादलीत, उघड्यावर. तोवर बाकी कशालाही हात लावायचा नाही.

(दृश्य: टेबलावर वर्तमानपत्र. त्यावर चार निळे ठोकळे, वायरी लोंबकळत.)

फोम पुन्हा कापता येतो. पोत्यातलं मोल आहे ते या चौघांत. नऊ ग्रॅमचे सर्व्हो: दोन एलेरॉनचे (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या), एक एलेव्हेटरचा, एक रडरचा (शेपटीची उभी फळी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी). काडेपेटीहून लहान खोक्यात एक मोटर, गिअरची उतरंड, कोन मोजणारा एक पोटेन्शियोमीटर (पॉट) आणि नखाएवढं सर्किट. रिसीव्हर त्याला सेकंदाला ५० वेळा विजेचा ठोका देतो. ठोका १५०० मायक्रोसेकंदांचा असेल तर हॉर्न, म्हणजे बाहेरचा फिरणारा दांडा, मध्यावर. १००० कडे सरकला तर एका अंगाला, २००० कडे सरकला तर दुसऱ्या. हॉर्न खरोखर कुठे पोचलाय हे पॉट सांगतो, आणि सांगितलेलं नि झालेलं यांतला फरक मिटेपर्यंत मोटर फिरत राहते.

बॅटरी जोडायच्या आधी बोटं. हॉर्न धरून अगदी हळू फिरवायचा. धड सर्व्हो एकसारखा जड लागतो. हा एलेव्हेटरचा बघा... मध्यावर आला की कट् करून निसटतो.

(दृश्य: चार लांब स्क्रू निघतात. वरचं झाकण उचललं जातं. ग्रीसमध्ये पांढरे नायलॉनचे गिअर.)

खोलण्याआधी एक फोटो काढून ठेवा. कुठला गिअर कुणाच्या डोक्यावर होता, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

शेवटच्या गिअरचे दोन दात गेलेत. मोटरजवळच्या गिअरला धक्काही नाही. असं का? अपघाताचा दणका उलट्या दिशेने येतो. एलेव्हेटरची फळी जमिनीवर आपटते, फळीला हॉर्नशी जोडणारी तार, म्हणजे पुशरॉड, हॉर्नला हिसका देतो, आणि मोटर त्या वेगाने उलटी फिरूच शकत नाही. सगळा जोर शेवटच्या गिअरवर तुटून पडतो. तोही मधल्या दातांवर, कारण त्या क्षणी फळी मध्याच्या आसपासच असते.

आता ग्रीसकडे बघा. तुटलेले दात अख्खे आहेत, कडा ताज्या. विमान उडत असतानाच दात मोडले असते आणि सर्व्हो नंतर चालत राहिला असता, तर त्यांचा भुगा होऊन ग्रीस करकरीत झालं असतं. टेस्टर (रिसीव्हरऐवजी ठोके देणारी नॉबवाली डबी) लावला तर मोटर आणि सर्किट चोख चालतात. म्हणजे एलेव्हेटर अडकला नव्हता. विमान पडलं, म्हणून तो मोडला.

पायलट टेबलाखाली काहीतरी शोधू लागतो.

मेटल गिअर का नाही वापरत, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. वापरा की. पण दणका कुठे जिरणार? दात टिकले तर शाफ्ट वाकतो, नाहीतर केसचे कान (स्क्रूने बसवायच्या बाजूच्या पट्ट्या) तुटतात, नाहीतर बिजागरी उपटते. लहान विमानात प्लास्टिकचा दात फ्यूजचं काम करतो. आम्हाला तोच बरा वाटतो.

डाव्या एलेरॉनच्या सर्व्होचे दोन्ही कान तुटलेत, पण गिअर धड आहेत. ते एलेव्हेटरच्या केसमध्ये बसतील, कारण चौघे एकाच खोक्यातले. नाव तेच असलं तरी दुसऱ्या कारखान्याच्या नऊ ग्रॅमवाल्याचे गिअर बसतीलच असं नाही.

उजव्या एलेरॉनचा सर्व्हो दिसायला नवाकोरा. पंखाला ओरखडाही नाही. टेस्टर ऑटोवर, म्हणजे आपोआप फिरवण्यावर, टाकला तर झोकात इकडून तिकडे जातो. पोरं खूश. पण ऑटो फसवा असतो. वेगात सगळं झाकून जातं. नॉब हाताने, केसभर केसभर फिरवा. मध्याजवळ हॉर्न थरथरायला लागतो. सर्व्होचं जवळजवळ सगळं आयुष्य मध्यावरच जातं, त्यामुळे पॉटची पट्टी तिथेच झिजते. हे दुखणं अपघाताआधीचं. पुढच्या उड्डाणात तो गेला असता.

रडरचा चौथा. हॉर्नच्या साधारण एक सेंटिमीटरवरच्या भोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगली. उचलतो, धरून ठेवतो, गरम होत नाही. वायर केसमधून बाहेर पडते तिथे वाकवून, पिळून बघितली; अडखळत नाही. प्लगच्या पिनाही घट्ट आहेत.

हा पुन्हा रडरवर जाईल. एलेव्हेटरला मात्र पाकीट फोडून नवा. रडर गेला तर एलेरॉनवर विमान घरी आणता येतं. एलेव्हेटर गेल्यावर हातात फार काही उरत नाही.

थरथरणाऱ्याचे स्क्रू, हॉर्न आणि मोटर डब्यात. पॉट कचऱ्यात.

(दृश्य: दोघांच्या सुट्या भागांतून जुळवलेला सर्व्हो टेस्टरवर हळूहळू फिरतोय. मार्कर घेतलेला हात आत येतो.)

हा विमानाच्या पोटातलं टॉफी टाकायचं दार उघडेल. केसवर पायलटने स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'दोघांचा एक. एलेव्हेटरला लावू नये.'