गार्सिया आडनाव दिलं, पुढे काय?

नमस्कार मंडळी. आपली मुलं ज्या अमेरिकन किशोर-मालिका बघतात, त्यांतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या मुलामुलींबद्दल आज बोलायचं आहे. पात्राला गार्सिया आडनाव, संवादात मध्येच 'मिहा' (स्पॅनिशमध्ये 'पोरी'), पंधराव्या वाढदिवसाचा थाटमाट, एवढ्यावर बऱ्याच मालिका भागवतात. ते घर नेमकं कुठून आलं, याचा पत्ताच लागत नाही.

२००३ मध्ये आलेली 'द ओ.सी.' आठवा. ती घडते त्या कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत जवळपास तिसरा हिस्सा वस्ती हिस्पॅनिक, पण मालिकेतली मुख्य कुटुंबं त्यातली नव्हती. चिनो शहरातून येणारी टेरेसा डियाझ साकारली नवी रावत यांनी, आणि त्यांचे वडील भारतीय. त्यांच्या अभिनयाला नाव ठेवायचं नाही. पण सावळा रंग दिसला की कुणीही चालेल, हा हिशेब आपल्यालाही लागू होतो, म्हणून तो खटकायला हवा.

खरी गफलत कागदपत्रांत होते. पोर्तो रिको हा अमेरिकेच्याच ताब्यातला प्रदेश, तिथे जन्मलेल्यांना १९१७ पासून अमेरिकन नागरिकत्व आहे. पोर्तो रिकन आईला हद्दपारीची धास्ती दाखवली, की कथाच कोसळते. याउलट २०२० ची 'पार्टी ऑफ फाइव्ह' बघा. १९९४ च्या मूळ मालिकेत आईवडील अपघातात गेलेले असतात. नव्या मालिकेत आकोस्ता दांपत्याला मेक्सिकोला पाठवून देतात. थोरला एमिलिओ 'डाका'वर, म्हणजे लहानपणी कागदपत्रांविना आणलेल्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणावर, बाकीची भावंडं अमेरिकेची नागरिक. 'डाका'ची मुदत दोन वर्षांची, मग पुन्हा अर्ज. आईवडिलांना भेटायला सीमेपलीकडे जायचं, तर भावंडांना पासपोर्ट पुरतो. एमिलिओला आधी परवानगी काढावी लागणार, नाहीतर परतीची वाट बंद. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांत हा फरक! एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली मुलं एकविसाव्या वर्षाकडे सरकतात आणि तो व्हिसा संपायची वेळ येते, त्या घरांना हे वेगळं सांगायला नको. ही मालिका दहा भागांत संपली, याचं वाईट वाटतं.

भाषेकडेही कान द्या. आजी स्पॅनिशमध्ये बोलते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, भावंडं आपसात इंग्रजीच बोलतात. हे सगळं न दाखवता सगळ्यांच्या तोंडी सारखीच मिसळ घातली, की ते घर खोटं वाटतं.

आता 'ईस्ट लॉस हाय'. २०१३ मध्ये हुलू या ऑनलाइन मंचावर आलेली ही मालिका इंग्रजीत, कलाकार जवळपास सगळे लॅटिनो. पॉप्युलेशन मीडिया सेंटर या संस्थेचा तिच्यात सहभाग होता, आणि मालिकेतून समाजशिक्षण करायची संस्थेची पद्धत मेक्सिकोचे मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांची. एक पात्र नीट वागणारं, एक वाट चुकलेलं, आणि तिसरं दोघांत हेलकावणारं. प्रेक्षक जीव लावतो तो या तिसऱ्याला, म्हणून त्याच्या चुका खऱ्या हव्यात आणि त्यांची किंमतही.

हीच पद्धत भारतात आली ती आपल्या वसंत साठे यांच्यामुळे. केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोत त्यांनी हे काम पाहिलं आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले, मग लेखनाचा रोख घरगुती ताणतणावाकडे वळवावा लागला. 'ईस्ट लॉस हाय'ने यावर चांगली तोड काढली. सेसी ही शाळकरी मुलगी गरोदर राहते, त्याची घालमेल मालिकेत. तिची व्हिडिओ-डायरी आणि आरोग्याची माहिती वेबसाइटवर. मदत कुठे मिळेल हे तिथे सापडतं, त्यामुळे मालिकेत कुणा डॉक्टरीणबाईंना भाषण ठोकावं लागत नाही.