शिक्षा संपल्यावरही आत ठेवायचं का?

सुरुवात मुद्दाम अवघड केसपासून करतो, सोप्या केसवर आपलं भांडणच नसतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लिरॉय हेंड्रिक्स म्हणून एक माणूस, लहान मुलांवर अत्याचार केले म्हणून वारंवार पकडला गेलेला. त्याची साधारण दहा वर्षांची कैद १९९४ मध्ये संपत आली आणि त्याच वर्षी राज्याने कायदा केला, की असा माणूस मानसिक विकृतीमुळे धोकादायक असेल तर शिक्षा भोगून झाल्यावरही त्याला डांबून ठेवता येईल. आणि हा गृहस्थ स्वतःच कोर्टात म्हणाला की टेन्शन आलं की मला आवरत नाही, पुन्हा करणार नाही याची खात्री एकच, मी मेलो तर. आता बोला! याला सोडा म्हणायची माझीही हिंमत होत नाही.

१९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा राज्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणे ही शिक्षा नाहीच. पण विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती ब्रायर यांचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. उपचारच करायचे होते तर तो तुरुंगात होता तेव्हा का नाही केले? इतकी वर्षं तुमच्याच ताब्यात होता की! सुटायची तारीख जवळ आल्यावर एकदम पेशंट कसा झाला?

बरं, धोकादायक कोण हे ठरवणार कोण, तर सायकियाट्रिस्ट. समजा हजार माणसं आहेत, त्यातले ५० खरोखर पुन्हा गुन्हा करणार आहेत आणि आपली टेस्ट दोन्हीकडे ८० टक्के बरोबर येते, म्हणजे तशी चांगलीच म्हणायची. ती ५० पैकी ४० पकडेल, पण उरलेल्या ९५० मधले १९० सुद्धा धोकादायक म्हणून आत जातील. म्हणजे २३० जण आत आणि त्यातले १९० उगाच. आणि यांची चूक कधी उघडच होत नाही हो, कारण आत असलेला माणूस मी बाहेर नीट वागलो असतो हे सिद्ध करणार तरी कसं? डॉक्टरने सोडलेल्याने काही केलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव, चुकून अडकवून ठेवलेल्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मग डॉक्टर काय करेल, तुम्हीच सांगा.

एकदा हे तपासायची चांगली संधी मिळाली. शिक्षा संपलेल्या कैद्याला नीट सुनावणी न देता असं अडकवता येणार नाही, असा निकाल १९६६ च्या बॅक्सट्रॉम खटल्यात लागला आणि त्यानंतर न्यूयॉर्क राज्याला कडेकोट हॉस्पिटलमधले साडेनऊशेहून जास्त पेशंट साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. सगळ्यांची फाटली होती, पण पुढच्या काही वर्षांत फार थोड्यांनाच परत न्यावं लागलं. हां, त्यातले बरेच जण वयस्क झाले होते, त्यामुळे यावरून तरण्याताठ्या माणसांबद्दल छातीठोक सांगता येत नाही, हे मी लपवणार नाही.

आणि सगळे हेंड्रिक्स नसतात. मायकल जोन्स नावाच्या माणसाने १९७५ मध्ये दुकानातून जॅकेट चोरायचा प्रयत्न केला, जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष, पण वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला आणि त्याहून कितीतरी जास्त काळ हॉस्पिटलमध्ये अडकला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, चालतंय.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मग पीडितांचं काय? रास्त प्रश्न आहे. त्यांच्यासाठी लांब शिक्षा हवी असेल तर ती खटल्यातच, उघडपणे द्या, नंतर डॉक्टरच्या सहीने वाढवू नका. आजार खराच असेल आणि धोकाही खरा असेल तर ठेवा, माझी ना नाही, पण धोका सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, ठराविक मुदतीने कोर्टात तपासणी, बाहेरचा डॉक्टर, पेशंटला वकील, आणि काय केलं की सुटका होईल हे पहिल्या दिवशी लेखी. हे देता येत नसेल तर त्या इमारतीवर हॉस्पिटलची पाटी लावू नका.